नोटीस न घेणारं घर

माय, काल आपल्या घरावरचा बोजा उतरला. सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून मिळकत पत्रिकेची नवी नक्कल घेऊन बाहेर आले, रिक्षात बसले, आणि पहिल्यांदा कुणाला सांगावं म्हटलं तर तूच आठवलीस. तुला जाऊन बारा वर्षं झाली. घरावर सरकारचा बोजा चढलाय हे तुझ्या कानावर घातलं असतं तर तू म्हणाली असतीस, "सरकारनं काय ठुलंय माझ्या पत्र्यावर?" आणि मीही तेच म्हणाले असते, चार महिन्यांपूर्वीपर्यंत. मुलांना वर्गात मराठी शिकवते, चार ठिकाणी छापून येईल असं लिहिते, पण आपल्याच घराच्या कागदावर काय लिहिलंय हे मला माहीत नव्हतं.

उन्हाळ्याची सुरुवात होती. फुलंब्रीहून शाळा आटोपून नेहमीच्या बसनं आले, उस्मानपुऱ्यात उतरून चालत गल्लीत शिरले, तर आपल्या दारावर खळीनं कागद चिकटवलेला. खळ अजून ओली होती. समोरच्या किराणा दुकानातली दोघं-तिघं वाचून झाल्यावर आपण वाचलंच नाही अशा चेहऱ्यानं उभी होती. घरपट्टी थकल्यामुळं मिळकत जप्त करण्यात येत आहे, मिळकत पत्रिकेवर बोजा नोंदवला आहे, एकवीस दिवसांत भरणा न केल्यास जाहीर लिलाव करण्यात येईल. वर बाबांचं नाव. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला एकवीस दिवसांची मुदत दिली होती. मला आधी हसूच आलं. मग कुलूप काढलं आणि दारातच उभी राहून तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

दादाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "हे होणारच होतं. आईनं जन्मात एक नोटीस घेतली नाही. तिच्या हट्टापायी घर गेलं बघ." मी म्हणाले, गेलं कुठं, मी घरातूनच बोलतेय. तो म्हणाला, "एक बिल्डर आहे ओळखीचा. बोज्यासकट घेतो. तो बघून घेईल सगळं. तू कशाला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतेस?" दोन दिवसांनी त्या बिल्डरचा माणूस आलाच. पांढरे बूट, हातात दोन फोन. पत्र्याच्या शेडात उभा राहून वर बघत होता, जणू घर पाडून झालंय आणि आता त्याला आभाळ दिसतंय. "ताई, तुम्हाला कशाचा त्रास नाही. बोजा आमच्याकडं लागला." मी म्हटलं, "अहो, त्रास माझा आहे, तो मी तुम्हाला का देऊ?" त्याला वाटलं मी भाव वाढवतेय. त्यानं खरोखर भाव वाढवला. मग मी त्याला चहाही विचारला नाही, आणि तुला माहीत आहे, आपल्या घरात हे कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. जप्तीची नोटीस घेऊन येणाऱ्या माणसालासुद्धा तू चहा पाजायचीस.

ते दिवस मला आजही वासासकट दिसतात. पुढं पत्र्याचं शेड, त्यात चार मुसळांचं मिरची-कांडपाचं डंख, मागं आपल्या दोन खोल्या. बाबांनी मशीन बसवलं आणि वर्षाच्या आत ते गेले. मी सहा वर्षांची, दादा दहाचा. तेराव्याचं जेवण उठलं आणि दुसऱ्या दिवशी तू हाताला कोपरापर्यंत तेल चोपडून, पदर नाकावर बांधून मशीन सुरू केलंस. फाल्गुन ते वैशाख आपल्या दारात बायांची रांग असायची, पितळी डबे, देठ काढलेली मिरची, भाजलेला मसाला. आणि त्या लाल धुराळ्यात दर उन्हाळ्यात एकदा महापालिकेचा तो म्हातारा शिपाई यायचा, बगलेत फायलींचा गठ्ठा, तोंडावर रुमाल.

"अम्मा, लेलेव ना. सिर्फ सही करने का है."

"नाव कुनाचं हाय त्याच्यावर?"

"तुमारे मालक का."

"मंग त्यास्नीच द्या."

"अम्मा, उनो तो गुजर गए ना." हे म्हणता म्हणता तो तीनदा शिंकायचा.

"ते तुमाला ठाव हाय, मला ठाव हाय. तुमच्या सायबाला कामून ठाव नाय?"

रांगेतली एखादी बाई म्हणायची, "घ्या की वं मावशी, बिचाऱ्याचं नाक गळून पडंल." तू मशीन बंद करायचीस, त्याच्यासाठी चहा टाकायचीस. तो पायरीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून 'घेण्यास नकार' असं लिहायचा, बशीतून चहा प्यायचा आणि जाताना म्हणायचा, "अम्मा, तुम बहुत जिद्दी है." तू म्हणायचीस, "व्हय. मेंढरामागं फिरलेल्या बापाची लेक हाय. वळण सोडून जाणारं मेंढरू मी लई पाह्यलंय, मानूसबी."

पण दर मार्चमध्ये तू स्वतः कर भरायला जायचीस. खिडकीवर बाबांचं नाव सांगायचीस, मागच्या वर्षी भरले तेवढेच पैसे पुढं सारायचीस, पावती घ्यायचीस आणि घरी येऊन तारेच्या आकड्यात ओवायचीस. मी एकदा विचारलं, नोटीस त्यांच्या नावाची म्हणून घेत नाहीस, मग पावती कशी घेतेस? तू तांदूळ निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "पावती म्हंजी त्यांनी भरल्याची खूण. नोटीस म्हंजी त्यांना बोल लावणं. मेलेल्या मानसाला दारात उभं करून कुनी बोलून जायचं, ते मी ऐकून घ्यायची नाय." तेव्हा मला हे फार थोर वाटलं होतं. आता कळतंय की तू भरत होतीस ते पैसे आधी दंडात जमा होत होते, ज्याला ते शास्ती म्हणतात. खरी पट्टी जिथल्या तिथं राहत होती आणि तिच्यावर दर महिन्याला नवी शास्ती चढत होती. तारेत पावत्या वाढत होत्या आणि कागदावर थकबाकी. तू गेल्यावर मीही तेच केलं. पावतीवर 'मागील बाकी' असा एक रकाना असायचा. त्याच्याकडं मी बघून न बघितल्यासारखं करायची.

मी बावीस वर्षांची असताना एकदा नाव बदलीचा अर्ज आणला होता, आठवतं? सगळा भरला होता, सुवाच्य अक्षरात. मूळ मालकाच्या नावापुढं 'मयत' असं लिहून कंस केला होता आणि खाली तुझ्या सहीसाठी पेन्सिलनं फुली मारली होती. तू चुलीपुढं बसून भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानं कागद घेतलास, तो एक शब्द वाचलास, आणि मला वाटलं चुलीत टाकतेस. टाकला नाहीस. घडी घालून परत दिलास. "एकदा देवानं मारलं त्यांना. आता तू मारतीस व्हय? पेनानं?" मी रात्रभर रडले. दुसऱ्या दिवशी तू माझ्या डब्यात गुळाची पोळी दिलीस, पण बोलली नाहीस. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. आज मात्र मला त्या बोलण्याचा राग येतो. चाळीस वर्षं त्यांच्या नावानं बिलं येत होती, नोटिसा येत होत्या. ज्या माणसाला कुणी बोलू नये म्हणून तू झटलीस त्याचंच नाव शेवटी लिलावाच्या कागदावर गल्लीभर वाचलं गेलं. शहराचं नाव बदललं, सगळ्या ऑफिसांच्या पाट्या बदलल्या, आपल्या घराच्या कागदावरचं नाव बदललं नाही.

वॉर्ड ऑफिसात मी पहिल्या दिवशी भांडायलाच गेले होते. टेबलापलीकडं माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी, समोर डबा उघडलेला, दोन घास राहिलेले. मी दारावरचा कागद तिच्यापुढं ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, घर आमचं आहे की तुमचं? तिनं डबा बंद केला. "मॅडम, आधी नीट समजून घ्या, मग रडा." मी म्हटलं, मी रडत नाहीये. "सगळे असंच म्हणतात. बसा." मग तिनं मला जे सांगितलं ते मला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. बोजा म्हणजे घर गेलं असं नव्हे. घर तुमचंच, राहा, खिळा ठोका, रंग द्या. पण विकायचं, गहाण टाकायचं, वाटणी करायची म्हटलं की आधी आमचं देणं. आणि पैसे भरले की बोजा आपोआप उतरतो असं समजू नका. लोक भरतात, पावती घेऊन जातात, आणि दहा वर्षांनी लेकीच्या लग्नाला घर गहाण टाकायला गेले की बोजा तिथंच. आमच्याकडून पत्र घ्यायचं, ते सिटी सर्व्हेला नेऊन द्यायचं, तिथं नोंद कमी झालेली डोळ्यांनी बघायची, नक्कल घ्यायची, मगच घरी जायचं.

ती बोलत होती आणि मला आजोबांचा मेंढ्यांचा वाडगा दिसत होता. तूच सांगायचीस. दुष्काळाच्या वर्षी आजोबा व्यापाऱ्याकडून उचल घ्यायचे तेव्हा तो येऊन दहा-बारा मेंढ्यांच्या पाठीवर हिरवा रंग ओढून जायचा. मेंढ्या आपल्याच, आपल्याच वाडग्यात बसायच्या, दूध-लोकर आपलीच, पण खुणेचं मेंढरू बाजारात नेलं की गिऱ्हाईक हात लावत नसे. उचल फिटली तरी आजोबा स्वतःच्या हातानं ती लोकर कातरत नसत. व्यापाऱ्याला बोलवायचे, चार माणसांदेखत त्यालाच कातरायला लावायचे. "ज्यानं खूण लावली त्यानंच काढायची," असं तू म्हणायचीस. मग तुला हे सगळं माहीत होतं की, माय. मेंढराचं माहीत होतं, घराचं का नाही विचारलंस?

वॉर्ड ऑफिसातल्या त्या मुलीनं फाईल मागवायचा अर्ज लिहून घेतला. सुनावणी मिळेपर्यंत लिलाव थांबवावा असा दुसरा अर्ज तिनं मला तिथंच लिहायला लावला आणि आवक-जावकचा शिक्का मारून घ्यायला सांगितलं. "शिक्का नसला तर तुम्ही आलाच नव्हता असं समजा," म्हणाली. आठ दिवसांनी कळलं, आपलं सबंध घर व्यापारी दरानं लावलेलं आहे. शेडच नाही, स्वयंपाकघर, मागची खोली, मोरी, सगळं. ज्या खोलीत तू मला आणि दादाला कुशीत घेऊन झोपायचीस ती कागदावर दुकान आहे. आणि मशीन बंद होऊन अठरा वर्षं झाली तरी दुकानच आहे, कारण बंद झाल्याचं कुणी कळवलंच नाही.

मशीन कधी बंद झालं ते मला नेमकं आठवतं. तुझा खोकला थांबेना म्हणून डॉक्टरनं दम भरला. तू डंख मोडीत काढलंस आणि मोटर विकून आलेल्या पैशातून माझ्यासाठी लिहायचं टेबल आणलंस, औरंगपुऱ्यातून हातगाडीवर घालून, गाडीबरोबर चालत. मी नुकतीच नोकरीला लागले होते. "पोरी, मांडीवर वही घेऊन लिहितीस, मान मोडंल," एवढंच म्हणालीस. टेबलाचा एक पाय आजही आखूड आहे. मग मला वाटलं, मोटर विकली तर तीन फेजचं मीटरही परत केलं असणार, कारण न वापरलेल्या मीटरचं भाडं तू एक महिनाही भरलं नसतंस. वीज कंपनीच्या ऑफिसात चार चकरा मारल्या. पाचव्या चकरेला एका गठ्ठ्यात तो कागद सापडला. कांडप मशीन कायमचं बंद केलं असल्यानं मीटर काढून न्यावं. खाली बाबांचं नाव, पुढं 'करिता' आणि तुझी सही. चौथीपर्यंत शिकलेली, प्रत्येक अक्षर वेगळं. मी तिथल्या बाकावर बसून तो कागद इतका वेळ बघत राहिले की तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, झेरॉक्स काढायची ना? दुकान बंद होईल."

सुनावणीच्या दिवशी मी तुझी काळ्या काठाची साडी नेसून गेले. अधिकारी पन्नाशीचे, शांत. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पण चढला. मी म्हणाले, आमच्या घरात आजवर कुणीही नोटीस घेतलेली नाही. घेतलीच नाही तर आम्हाला हरकत घ्यायची संधीच मिळाली नाही. मग सबंध घर व्यापारी ठरलं कसं?

"नक्की?" त्यांनी विचारलं. "एकही नाही?"

"एकही नाही. आईचा स्वभाव सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुमच्या शिपायांनाही होता."

त्यांनी फाईलची पानं मागं उलटली. 'घेण्यास नकार', 'घेण्यास नकार', त्या म्हाताऱ्याचं तिरकं अक्षर, काही कागदांवर अजून लालसर बोटांचे ठसे. मला इतका अभिमान वाटत होता तुझा. मग एका पानावर ते थांबले आणि फाईल माझ्याकडं फिरवली. "ही सही कुणाची?"

माझी होती. पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरातून मागं ओढलेली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आम्ही सगळ्या मैत्रिणी तशी सही करायचो. कर आकारणीत बदल केल्याची विशेष नोटीस. हरकत असल्यास ठरल्या मुदतीत कळवावी. मिळाली, आणि खाली मी.

माय, तू त्या दिवशी मामाच्या घरी गेली होतीस, मामीच्या दहाव्याला. मशीन बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. तो म्हातारा आला, धापा टाकत. "अम्मा नै है?" मी म्हटलं, नाही. त्याचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. "बेटी, तू तो कालेज में है. तू समझदार है. मेरा साब आज बहुत चिल्लाया मेरे पे." मी त्याला माठातलं पाणी दिलं. त्यानं पेन पुढं केला. कॉलेजच्या फॉर्मांखेरीज कुणी माझी सही कधी मागितली नव्हती. मी ती सावकाश केली, दोन्ही टिंबं नीट दिली. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. मग मी तो कागद वाचला. करयोग्य मूल्य, आकारणी, हरकत. मराठीत पहिली येणारी मुलगी मी, मला शब्द सगळे कळले. आपल्या घराशी त्यांचा काय संबंध ते कळलं नाही, किंवा कळून घ्यावंसं वाटलं नाही. कागद इतिहासाच्या पुस्तकात ठेवला. संध्याकाळी तू आलीस, दारात पायावर पाणी घेता घेता विचारलंस, "कुनी आलतं का?" मी म्हणाले, "नाय." मार बसला असता म्हणून नव्हे. तू दाराशी इतकी वर्षं धरलेली जागा मी एका दुपारी सोडली होती, आणि तेही कुणी मला समजदार म्हटलं म्हणून. परीक्षा आली, पुस्तक रद्दीत गेलं. मी विसरले असं म्हणणं सोपं आहे, पण निदान आठवडाभर तरी मी विसरले नव्हते.

तुझे सगळे नकार कागदावर नुसते नकार म्हणून पडून होते. सबंध घर दुकान झालं ते माझ्या त्या एका सहीवर. मुदत संपली, हरकत आली नाही, आकारणी कायम.

"सही कबूल आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कबूल आहे."

"मग पुढं बोलायचं काय राहिलं?"

एक क्षण मला उठून घरी यावंसं वाटलं. दादाला फोन करून सांगावं, दे घर त्या पांढऱ्या बुटांना. पण पिशवीत तुझा कागद होता. मी म्हणाले, "पुढचंच बोलायचं आहे, साहेब. मशीन चालू होतं तोवरचं तुम्ही लावलंत तसं भरते. मुदत आम्ही घालवली, माझ्या सहीनं गेली. पण मशीन बंद झाल्यावर ते घर आहे. त्यात एक बाई जेवते, झोपते, वह्या तपासते. त्या घराचा कर मी दुकानाच्या दरानं भरणार नाही. लिलाव लावा, मी दारात बसेन." आणि मीटरचा कागद पुढं ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "हा अर्ज कुणी केला?"

"आईनं."

"त्या तर कुठल्याच कागदावर सही करत नव्हत्या ना?"

"सरकारचं परत द्यायचं असलं की करायची. घ्यायचं असलं की नाही."

ते हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसला. निरीक्षक पाठवला, त्यानं येऊन शेड मोजलं, त्यात माझे वाळत घातलेले कपडे आणि दादाची जुनी सायकल होती ती लिहून नेली. मशीन बंद झाल्यानंतरची सगळी वर्षं राहत्या घराच्या दरानं धरली, त्या वर्षांची शास्ती कमी केली. आधीची राहिली. ती मी भरली, बँकेतली ठेव मोडून, एक रुपया कमी न करता आणि एक रुपया जास्त न देता. त्या डबेवाल्या मुलीनं पत्र टाईप करून दिलं आणि म्हणाली, "आता सिटी सर्व्हे. नक्कल हातात आल्याशिवाय पेढे वाटू नका."

तिथं नवीच अडचण. बोजा उतरवायचा तर मालक हयात हवा, नाहीतर वारसांची नोंद आधी. म्हणजे तो 'मयत' शब्द लिहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी लिहिला, माय. बाबांच्या नावापुढं, शाईनं. आणि आभाळ कोसळलं नाही. मी त्यांना मारलं नाही. त्यांना चाळीस वर्षं दारात उभं ठेवलं होतं आपण, उन्हात, प्रत्येक शिपायासमोर. मी त्यांना बसायला सांगितलं, एवढंच. तुझं तेव्हाचं बोलणं मला आजही मान्य नाही. नोटीस घ्यायची असते, वाचायची असते, आणि वाचून भांडायचं असतं. नुसतं भांडून चालत नाही. तुझं भांडण मी घेतलं आहे, तुझी पद्धत घेणार नाही.

पण एका ठिकाणी मी अगदी तुझ्यासारखी वागले. तिथल्या बाबूनं वारसांचा अर्ज बघून म्हटलं, "वडील मयत, आई पण मयत. मग मधलं गाळू. थेट तुमच्या आणि भावाच्या नावावर लावतो."

"गाळायचं नाही. आधी आईचं नाव लावा."

"अहो, पण त्या वारल्या ना?"

"वारल्या. लावा आणि पुढं मयत लिहा. मग आमचं."

"बाई, उगाच एक नोंद वाढते. एका ओळीनं काय फरक पडतो?"

"मग एक ओळ लिहायला तुमचं काय जातं?"

त्यानं मागच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडं पाहिलं, सहकारी म्हणाला, "लिही बाबा, आमची आजीपण अशीच होती." आणि त्यानं लिहिलं. तू त्या घराची पट्टी पंचवीस-तीस वर्षं भरलीस, पत्रे बदललेस, ओटा बांधलास, आणि त्या घराच्या एकाही कागदावर तुझं नाव नव्हतं. 'करिता' होतं. आता आहे. एका ओळीत आलीस आणि त्याच ओळीत गेलीस, पण आहेस. तुला हे आवडलं नसतं. माझं नाव कशाला, त्यांचं ऱ्हाऊ द्या, असं म्हणाली असतीस. म्हण. मी ऐकलं नसतं.

दादा संमतीची सही द्यायला आला होता, काल पुन्हा आला. नक्कल हातात घेऊन खिडकीपाशी जाऊन वाचली. बोज्याचा रकाना कोरा बघून त्यालाही बरं वाटलं, मला कळतं. बिल्डरचं नाव त्यानं काढलं नाही. म्हणाला, "राहा तू. शेडाचं काहीतरी कर, पत्रा वाजतो." मग स्वयंपाकघरात पाटावर बसला, तू असताना बसायचा तसाच, भिंतीला टेकून.

हे पत्र खरं तर त्याच्या पत्त्यावर जायला हवं. त्याचा पत्ता मला पाठ आहे, पिनकोडसकट, आणि पाकीटही घरात आहे. तुला लिहिणं सोपं पडलं. सुनावणीत काय झालं ते त्यानं विचारलं होतं, मी फक्त मीटरच्या कागदाचं सांगितलं. सहीचं पान मी त्याला दाखवलं नाही. काल चहाचा कप खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "आईनं तेव्हा एक नोटीस धड घेतली असती, तर एवढं झालं नसतं." तू तिथं नव्हतीस आणि मी होते. मी त्याला "व्हय" म्हणाले.